विटांच्या भिंतीला रंग द्यावा की स्टेन लावावा?

घराच्या उघड्या विटांचे रूप बदलावेसे वाटले की बहुतेक जण आधी छटांची पुस्तिका उघडतात आणि मग रंगाऱ्याला बोलावतात. या गडबडीत भिंत तपासायची राहून जाते. विटांच्या बाबतीत निर्णय छटेपेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असतो. भिंत किती पाणी पिते, ते कोणत्या वाटेने आत येते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, एवढे नीट समजले की रंग आणि स्टेन (विटेच्या छिद्रांत शिरून तिची छटा बदलणारे पातळ द्रावण) यांतली निवड बरीचशी आपोआप होते. काही वेळा तर असेही लक्षात येते की तूर्त या भिंतीला दोन्हींपैकी काहीच लावण्यात अर्थ नाही.

मातीची वीट साधारण ९०० ते १,१०० अंश सेल्सियस तापमानाला भाजली जाते. मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे तिला तांबडा रंग येतो आणि भाजणीनंतर तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. पावसात ही छिद्रे पाणी शोषून घेतात आणि ऊन पडले, वारा सुटला की तेच पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू बाहेर पडते. विटांमधल्या दरजांत भरलेला मसाला या कामात मोठा वाटा उचलतो. चांगल्या बांधकामात तो विटेपेक्षा थोडा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे ओलावा आणि ताण आधी दरजेवर येतात आणि वीट शाबूत राहते. हे भिजणे आणि वाळणे विनाअडथळा चालू असते तोवर उघड्या विटांच्या भिंतीला फारशी देखभाल लागत नाही. आपण वरून जे काही लावणार आहोत ते या चक्राच्या आड येते की नाही, हे पाहणे म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे.

रंग आणि स्टेन यांतला मूळ फरक

रंग भिंतीच्या वर बसतो. त्यातले पाणी किंवा द्रावक उडून गेले की रंगद्रव्य आणि राळ यांचा एक सलग पापुद्रा मागे उरतो. हा पापुद्रा विटा आणि दरजा एकाच रंगाने झाकतो, जुने डाग लपवतो, दुरुस्तीचे ठिगळ दिसू देत नाही आणि हवी ती छटा, अगदी पांढरी सुद्धा, देऊ शकतो. बाहेरच्या भिंतींसाठी वापरला जाणारा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग वाफेला थोडीफार वाट देतो, पण उघड्या विटेइतकी नाही. शिवाय भिंतीत पाणी केवळ दर्शनी बाजूने शिरत नाही. ते फुटलेल्या पन्हळीतून येते, कठड्याच्या माथ्यावरून झिरपते, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून शिरते, पायाकडून वर चढते आणि आतल्या न्हाणीघरातूनही येते. आत शिरलेले हे पाणी बाहेर पडू पाहते तेव्हा ते पापुद्र्यामागे अडते, मग फुगे येतात आणि पोपडे सुटतात. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात तर नुकसान विटेपर्यंत पोहोचते, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि पाण्याने भरलेल्या विटेचा दर्शनी थर टवके उडून निघतो. अशा वेळी दोष सहसा रंगाच्या डब्यावर ढकलला जातो. रंग मात्र बहुधा निर्दोष असतो. तो जिथे लावायला नको होता तिथे लावलेला असतो.

स्टेन विटेच्या छिद्रांत शिरतो आणि पृष्ठभागाखालीच धरला जातो. विटांसाठीचा स्टेन पाण्यासारखा पातळ असतो. त्यात बहुधा लोहाच्या ऑक्साइडसारखी खनिज रंगद्रव्ये असतात, जी उन्हाने आणि सिमेंटच्या अल्कलीने सहजी विटत नाहीत, आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक अनेकदा सिलिकेटचा असतो. वर पापुद्रा तयार होत नसल्यामुळे छिद्रे बरीचशी मोकळी राहतात, विटेचा खरखरीत पोत कायम राहतो आणि पोपडे सुटण्याचा प्रश्न येत नाही. त्याच्या मर्यादाही याच गुणातून येतात. स्टेन अर्धपारदर्शक असल्याने विटेचा मूळ रंग त्यातून डोकावतो. म्हणून फिकट वीट गडद करणे सोपे जाते, पण गडद तांबडी वीट पांढरी किंवा पिवळसर करणे जवळजवळ अशक्य असते. त्याने भेगा बुजत नाहीत, टवके झाकले जात नाहीत आणि डाग तर कधी कधी अधिकच उठून दिसतात.

येथे नावावरून होणारी एक गल्लत सांगून ठेवतो. लाकडासाठीचा स्टेन विटेला लावू नये, कारण त्यातली तेले आणि राळा वेगळ्या कामासाठी असतात. विटांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांतही प्रत्यक्षात पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग असतो आणि तो पातळ का होईना, पापुद्रा तयार करतो. म्हणून डब्याच्या दर्शनी भागावरील नावावर विसंबून न राहता मागची माहिती वाचावी, आणि उत्पादन छिद्रांत शिरणारे आहे की वर थर तयार करणारे, हे तिथे स्पष्ट लिहिलेले नसेल तर विक्रेत्याला नेमके विचारावे. रंगाऱ्याला सल्ला विचारला तर तो रंग सुचवणार आणि स्टेन विकणाऱ्याला विचारला तर तो स्टेन सुचवणार, हे तर आलेच.

भिंतीची तपासणी

पहिली चाचणी पाण्याची. चार-पाच कोरडे दिवस गेल्यानंतर भिंतीवर ओंजळभर पाणी शिंपडावे आणि पाच मिनिटे पाहत राहावे. वीट लगेच गडद झाली आणि पाणी आत मुरले तर छिद्रे मोकळी आहेत आणि स्टेन शिरू शकेल. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले किंवा ओघळून गेले तर त्या विटेवर पूर्वी कधीतरी पाणी झटकणारा पारदर्शक सीलर लावलेला आहे, किंवा वीट मुळातच चकाकीची अथवा अतिशय घट्ट भाजणीची आहे. अशा विटेत स्टेन शिरत नाही आणि रंगही नीट धरत नाही. ही चाचणी एकाच जागी करून थांबू नये. पावसाचा मारा असलेली बाजू, छज्जाखालची कोरडी बाजू, जमिनीलगतचे थर आणि नंतर बांधलेला एखादा भाग अशा निदान सहा-सात ठिकाणी ती करावी, कारण एकाच घराच्या दोन भिंती पाण्याशी अगदी वेगळ्या वागू शकतात.

दुसरी चाचणी ओलीची. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवाव्यात आणि एक पूर्ण दिवस तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले किंवा त्याखालची वीट आजूबाजूपेक्षा गडद दिसली तर ओल भिंतीच्या आतून येत आहे. ऊन थेट पडत असलेल्या जागी ही चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून ती सावलीच्या बाजूला आणि जमिनीलगत करावी. आतून ओल येत असेल तर रंगाचा विचार तिथेच थांबवावा आणि आधी पाण्याचा उगम शोधावा.

भिंतीवर लोणा फुटलेला आहे का, हेही पाहावे. विटेतले किंवा मसाल्यातले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात आणि पाणी उडून गेल्यावर पांढरी भुकटी होऊन मागे राहतात. नव्या बांधकामावर सुरुवातीच्या काळात थोडा लोणा येणे स्वाभाविक असते आणि तो हळूहळू कमी होतो. जुन्या भिंतीवर तो वारंवार येत असेल तर पाणी कुठूनतरी सतत शिरते आहे, असे समजावे. त्यावर रंग दिला तर क्षार बाहेर येणे थांबत नाही. ते पापुद्र्याच्या मागे साठतात आणि स्फटिक वाढताना रंगाला, पुढे विटेच्या कातडीलाही, ढकलून उचकटतात.

दरजांची परीक्षा साध्या खिळ्याने होते. खिळ्याने ओरखडल्यावर मसाला वाळूसारखा गळू लागला तर दरजा भराव्या लागणार आहेत. हे काम रंग किंवा स्टेन लावण्याच्या आधीचे आहे. जुन्या चुन्याच्या बांधकामात दरजा भरताना कडक सिमेंटचा मसाला वापरणे ही वारंवार होणारी आणि महागात पडणारी चूक आहे, कारण मग ओल आणि ताण दरजेऐवजी विटेवर येतात आणि विटेच्या कडा झिजू लागतात.

भिंतीवर आधीच रंग असेल तर त्याची पकड तपासावी. धारदार पात्याने त्यावर फुली मारून चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे निघाले तर नवा रंगही त्यांच्यासकट एक दिवस निघणार. फार जुन्या तैलरंगांत शिसे वापरलेले असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ, विशेषतः लहान मुलांसाठी, घातक असते. म्हणून असा रंग चाचणी केल्याशिवाय खरवडू किंवा घासू नये.

कोणत्या भिंतीला काय

विटा निरोगी आहेत, पाणी पितात, भिंतीवर आजवर काहीही लावलेले नाही आणि तक्रार केवळ रंगाची आहे, अशा भिंतीला माझे मत निःसंशय स्टेनच्या बाजूने आहे. त्यातही जिथे दुरुस्तीसाठी किंवा वाढीव खोलीसाठी वापरलेल्या विटा जुन्या विटांशी जुळत नाहीत, तिथे स्टेनइतका उपयुक्त उपाय दुसरा नाही. त्या विटांपुरतीच छटा बदलून दोन्ही बांधकामे एकसारखी करता येतात आणि बाकीच्या भिंतीला हातही लावावा लागत नाही.

भिंत पूर्वीच रंगवलेली असेल किंवा ती इतकी ठिगळांची झाली असेल की सारे एकदा झाकणेच बरे, तर रंग हाच व्यवहार्य मार्ग उरतो. गडद विटांवर फिकट घर हवे असेल तरीही स्टेन कामाचा नाही. रंग निवडण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त त्यासोबत येणारी जबाबदारी आधीच मान्य केलेली असावी. एकदा रंगवलेली भिंत पुढे नियमितपणे रंगवत राहावी लागते. हवामान, दिशा आणि रंगाचा दर्जा यांनुसार हा काळ बदलतो, परंतु काही वर्षांनी परांची बांधावीच लागते, हे गृहीत धरून खर्चाचा अंदाज केवळ पहिल्या वेळचा न काढता पुढच्या दोन-तीन वेळांचाही काढावा. उंच भिंतीच्या बाबतीत परांचीचा खर्चच कधी कधी रंगापेक्षा जास्त होतो.

निर्णय अवघड वाटत असेल तर एक गोष्ट तराजूत नक्की टाकावी. स्टेन लावलेल्या भिंतीला पुढे कधी रंग द्यायचा झाला तर ती वाट खुली राहते. रंगवलेल्या भिंतीला नंतर स्टेन लावता येत नाही, कारण छिद्रे बुजलेली असतात, आणि रंग काढून विटा पुन्हा मूळ रूपात आणणे हे रंगवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम असते. रसायनाने रंग सुटला तरी तो छिद्रांत आणि दरजांत अंशतः राहतोच. वाळूचा मारा करून रंग काढला तर विटेची भाजणीने घट्ट झालेली वरची कातडी निघून जाते आणि आतला मऊ, अधिक पाणी पिणारा भाग उघडा पडतो. स्टेनही पुसून काढता येत नाही, हे खरे. पण त्याच्यानंतर निदान एक पर्याय शिल्लक असतो.

काही भिंतींना दोन्ही नकोत. ज्या भिंतीतून ओल येते, ज्या विटांचे टवके उडत आहेत, जे बांधकाम अजून नवे आहे आणि लोणा सोडते आहे, तिथे थांबणेच योग्य. नव्या भिंतीला सगळे ऋतू एकदा पाहू द्यावेत. धुराड्याचा वरचा भाग आणि गच्चीचा कठडा दोन्ही बाजूंनी भिजतात, म्हणून बाकी घर रंगवले तरी हे भाग उघडे ठेवता येतील का, याचा विचार करावा. पोपडे सर्वांत आधी तिथेच सुटतात. याउलट फार जुन्या काही घरांच्या विटा कच्च्या भाजणीच्या असल्यामुळे त्या बांधतानाच चुन्याने किंवा रंगाने झाकलेल्या असतात. उघड्या विटांच्या हौसेपायी त्यांचे आवरण काढून टाकणे हा त्या भिंतीवर अन्याय होय.

मधले दोन मार्ग

चुन्याचा हात हा जुना आणि अजूनही चांगला पर्याय आहे. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो आणि भिंतीची वाफ अडवत नाही. तो ओलसर केलेल्या भिंतीवर, दुधासारखा पातळ करून, अनेक हातांनी द्यावा लागतो. जाड एकच हात दिला तर तो वाळून झडतो. फिकट, किंचित डागाळलेली आणि काळाबरोबर उतरत जाणारी सफेदी ज्यांना आवडते, त्यांच्यासाठी तो उत्तम. बोट लावल्यावर पांढरे लागू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा मार्ग सिलिकेट रंगाचा. पोटॅशियम सिलिकेट हा बंधक असलेल्या या रंगाचे पेटंट आडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली जर्मनीतल्या बव्हेरियात घेतले होते. हा रंग राळेच्या पापुद्र्याप्रमाणे नुसता चिकटून बसत नाही, तर विटेतल्या आणि मसाल्यातल्या खनिजांशी त्याचा रासायनिक बंध होतो. त्यामुळे तो रंगासारखा झाकतो आणि तरीही वाफेला वाट देतो. अट एवढीच की त्याखाली उघडे खनिज हवे. जुन्या अ‍ॅक्रिलिक किंवा तैलरंगावर तो थेट धरत नाही. गडद विटांवर फिकट छटा हवी आहे आणि भिंत अजून कोरी आहे, अशा घरांसाठी मी साध्या रंगाच्या आधी हा पर्याय तपासायला सांगेन.

प्रत्यक्ष काम

निवड काहीही असो, सुरुवात नमुन्याने करावी. घराच्या मागच्या बाजूला निदान १ चौरस मीटर भागावर ठरवलेली छटा लावून ती पूर्ण वाळू द्यावी आणि सकाळी, भर दुपारी, ढगाळ हवेत आणि भिंत पावसाने भिजल्यावर पाहावी. स्टेन ओला असताना आणि वाळल्यावर वेगवेगळा दिसतो, आणि पुस्तिकेतल्या नखाएवढ्या चौकोनावरून पूर्ण भिंतीचा अंदाज येत नाही.

भिंत धुण्याआधी लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा, कारण पाणी लावले की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग कडक नायलॉनचा ब्रश, पाणी आणि सौम्य साबण यांनी भिंत घासावी. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये; त्याचे तुटलेले कण विटेत रुततात आणि पुढे गंजाचे डाग सोडतात. शेवाळ असेल तर पातळ केलेले ब्लीच लावून भरपूर पाण्याने धुवावे. सिमेंटचे शिंतोडे काढण्यासाठी आम्ल वापरले जाते, परंतु ते दरजांचा मसालाही खाते, म्हणून ते काम जाणकारावर सोडावे. आणि ब्लीच व आम्ल एकमेकांच्या संपर्कात कधीही येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. धुतलेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून वाळायला आणखी काही दिवस लागतात. दरजा नव्याने भरल्या असतील तर ताज्या मसाल्याची तीव्र अल्कली उतरण्यासाठी निदान महिनाभर थांबावे.

स्टेनसाठी खिडक्यांच्या काचा आधी पूर्ण झाकाव्यात, कारण सिलिकेटचे शिंतोडे काचेवर कायमचे चरे पाडतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. रंगद्रव्य तळाशी बसते, म्हणून मिश्रण सतत ढवळत राहावे आणि पाण्याचे प्रमाण प्रत्येक वेळी मोजूनच घालावे, नाहीतर भिंतीच्या दोन टोकांना दोन छटा येतात. विटेच्या उंचीएवढ्या रुंदीचा ब्रश घेऊन एकेक वीट एकाच ओढीत रंगवावी, दरजा शक्यतो मोकळ्या सोडाव्यात आणि ओघळ ओल्या स्पंजने लगेच टिपावेत. वाळलेला ओघळ परत निघत नाही. सर्व विटांना नेमकी एकच छटा दिली तर भिंत छापील कागदासारखी सपाट दिसते. भट्टीतल्या विटा कधीच एकसारख्या नसतात, म्हणून दोन-तीन जवळच्या छटा तयार करून त्या विस्कळीतपणे पसरवाव्यात. काम कंटाळवाणे आहे, पण घाई केली की ते लगेच दिसते.

रंगासाठी अल्कलीला टिकणारा, विटा-सिमेंटसाठीचा प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या कामाच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. तैलरंगाचे इनॅमल टाळावे, कारण मसाल्यातली अल्कली तेलाचा साबण करते आणि थर सुटतो. ब्रशने आधी दरजा भरून घ्याव्यात आणि मग लांब केसांचा रोलर फिरवावा. फवारणी केली तरी मागोमाग रोलर फिरवल्याशिवाय रंग खाचांत बसत नाही. खरखरीत विटा आणि दरजा मिळून सपाट गिलाव्यापेक्षा बराच अधिक रंग पितात, त्यामुळे डब्यावरच्या क्षेत्रफळाच्या आकड्यावर हिशेब करू नये. चकाकीचा रंग प्रत्येक उंचसखलपणा दाखवतो. विटांवर मॅट रंगच शोभतो. पोकळ भिंतीच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी सोडलेली छिद्रे रंगाने बुजू देऊ नयेत. तापमान साधारण १० अंश सेल्सियसच्या वर असावे, ऊन थेट भिंतीवर पडत नसावे आणि डब्यावर सांगितलेल्या मुदतीत पावसाची शक्यता नसावी.

काम संपल्यावर उत्पादनाचे नाव, छटेचा क्रमांक, मिश्रणाचे प्रमाण आणि तारीख लिहून ठेवावी. चार वर्षांनी एक वीट बदलावी लागली तर हीच नोंद उपयोगी पडते. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की जमिनीलगतचे दोन-तीन थर, खिडक्यांखालचा भाग आणि पन्हळीच्या तोंडाजवळची भिंत नीट पाहावी. तिथे फुगा, पांढरी भुकटी किंवा गडद डाग दिसला तर ब्रश हातात घेण्याआधी शिडी लावून पन्हळ तपासावी.